गिटार आपली, गाणे कुणाचे?

पुण्यात आज गिटारचा क्लास नाही अशी वस्ती शोधावी लागेल. कोथरूड घ्या, धनकवडी घ्या, नाहीतर हडपसर. संध्याकाळी सहाच्या सुमारास पाठीला काळ्या कापडी पिशवीतली गिटार अडकवून, आईच्या स्कूटरवर मागे बसून निघालेली मुले-मुली हमखास दिसतात. वर्षातून एकदा क्लासचे संमेलन भरते. आजी-आजोबा पुढच्या रांगेत, आई-बाबा मोबाइल उंच धरून चित्रीकरणात गर्क, आणि मंचावर दहा-बारा गिटारी एका सुरात. वाजवतात काय, तर चार हिंदी चित्रपटगीते, एखादे 'बीटल्स'चे गाणे आणि शेवटी, ज्येष्ठ मंडळींच्या समाधानासाठी, एखादे मराठी भावगीत. सगळे नेटके होते. टाळ्या पडतात, बटाटेवडा आणि कॉफी होते, मंडळी घरी जातात.

या सोहळ्याला मी नावे ठेवणार नाही. मुले हातात वाद्य धरतात हेच मोठे. पण आयुष्याची तेहतीस वर्षे बँकेच्या खातेवह्यांत गेल्यामुळे जमा आणि खर्च दोन्ही बाजू पाहण्याची खोड लागली आहे. इतक्या गिटारी घरात आल्या, इतकी फी भरली गेली; त्यातून आपल्या मुलांनी स्वतः रचलेली, आपल्या भाषेतली गाणी किती निघाली? आणि निघाली असतील तर ती आपल्यापैकी किती जणांनी ऐकली?

'रॉक' म्हटले की आपल्या घरांत अजूनही एक ठरावीक चित्र उभे राहते. वाढलेले केस, फाटकी जीन्स, कानठळ्या बसवणारा आवाज आणि परीक्षेत गटांगळी खाण्याची खात्रीशीर व्यवस्था. केस आणि जीन्स घटकाभर बाजूला ठेवू. रॉकचा संसार तसा आटोपशीर असतो. चार-पाच जणांचा संच, विजेवर वाजणारी गिटार, बेस गिटार, ड्रम्स, आणि बहुतेक वेळा जो गातो-वाजवतो त्यानेच लिहिलेले शब्द व बांधलेली चाल. मला महत्त्वाचा वाटतो तो हा शेवटचा भाग. चित्रपटाच्या गाण्यात प्रसंग पटकथेचा, शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, गळा पार्श्वगायकाचा आणि ओठ नटाचे. ज्याला स्वतंत्र संगीत म्हणतात त्यात ही सगळी जबाबदारी एकाच घरावर येते. गाणे जमले तर आपले, फसले तर तेही आपलेच.

"पण हे वाद्यच मुळी परके," असे म्हणणारे स्नेही मला भेटतात. त्यांना मी पेटीची आठवण करून देतो. हार्मोनियम युरोपातून आली. भारतीय संगीताला ती मानवत नाही असे ठरवून १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. त्या काळात मराठी माणसाचे पेटीवाचून काही अडले का? ती देवघराशेजारच्या खोलीत, भजनी मंडळात, नाटकाच्या पिटात सुखाने नांदत होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी तरी काय केले? पारशी मंडळींच्या संगीत खेळांचे उदाहरण समोर होते. त्यात आपले कीर्तन, लावणी, साकी, दिंडी आणि कर्नाटकी चाली मिसळल्या. आज आपण ज्याला अस्सल मराठी म्हणून छातीशी धरतो ते नाट्यसंगीत अशा देवघेवीतूनच जन्मले आहे. परके वाद्य आपले करून घेण्यात आपला हात कुणी धरणार नाही. अडचण वाद्याची नाही.

याच शहरात गिटारलाही एकदा थेट मराठी रंगमंचावर मानाचे पान मिळाले होते. १९७८ मध्ये थिएटर अकादमीने 'तीन पैशाचा तमाशा' केला. मूळ नाटक ब्रेख्तचे, १९२८ सालचे, बर्लिनमधले. कुर्ट वाइल याचे संगीत त्याचा प्राण. पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणले, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे. संगीताची धुरा भास्कर चंदावरकर, नंदू भेंडे आणि आनंद मोडक यांच्यावर. मी तेव्हा कॉलेजात होतो. लावणी आणि नाट्यपद ज्या मंचावर ऐकायचे त्याच मंचावर पाश्चात्त्य ठेक्याची गाणी, तीही चोख मराठी शब्दांत, ऐकताना प्रेक्षकांत झालेली सुखद चुळबुळ मला अजून आठवते. धोतर-टोपीतली मंडळीही बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. पु.लं.चे शब्द होते म्हणून चालून गेले, असे कुणी म्हणेल. मी म्हणेन, शब्द कळत होते म्हणून चालले.

नंदू भेंडे हे नाव आजच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यवेड्या दांपत्याचा हा मुलगा. आशाताई माहेरच्या इझिकेल, कवी निस्सिम इझिकेल यांच्या भगिनी. म्हणजे एका घरात मराठी फार्सची टायमिंग आणि इंग्रजी कवितेचे वळण, दोन्ही. अॅलेक पदमसींनी सत्तरच्या दशकात मुंबईत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' केले, त्यात ज्यूडासची भूमिका नंदूने गाऊन गाजवली. मुंबईच्या इंग्रजी रॉक संचांतून तो गात असे, आणि तोच मुलगा पुण्याच्या संस्थेच्या मराठी नाटकात तितक्याच सहजपणे उभा राहिला. २०१४ मध्ये तो गेला. त्याच्या गळ्यात मराठी रॉकची एक वाट सुरू झाली होती. तिच्यावरून मागून चालत आलेले मात्र मोजकेच निघाले.

असे का झाले? शेजारी बंगाली ठेवून पाहू, म्हणजे फरक कळेल. १९७५ च्या सुमारास कलकत्त्यात गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी 'मोहिनेर घोडागुली' नावाचा संच काढला. बाउल गाण्याचा आणि गिटारचा त्यांनी संसार मांडला, शब्द सगळे बंगाली, विषय आपल्याच शहरातले. १९७७ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. तेव्हा कुणी फारसे विचारले नाही; ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच संच मोडला. पण १९९५ मध्ये नव्या मुलांना हाताशी धरून गौतमबाबूंनी जुन्या-नव्या गाण्यांचा संग्रह कलकत्त्याच्या पुस्तक मेळ्यात आणला, आणि वीस वर्षांपूर्वी पेरलेले एकदम उगवून आले. मधल्या काळात, १९९२ मध्ये, सुमन चट्टोपाध्याय एकटा गिटार घेऊन गात घराघरात पोचला होता. त्यानंतर बंगालीत बँडांची रांगच लागली. त्यांपैकी कित्येकांची गाणी बंगाली आया-मावश्यांनाही पाठ आहेत. संगीताची आवड, नाटकाचे वेड, मध्यमवर्गीय चोखंदळपणा, शिकवण्यांवरचा विश्वास, यातले आपल्याकडे काय कमी होते?

मला तीन कारणे दिसतात. पहिले, मुंबई आपल्या दारात होती. गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोन सफाईने वाजवणाऱ्या हाताला चित्रपटसृष्टीच्या स्टुडिओत काम मिळे. गोव्याहून आलेल्या वादकांच्या पिढ्या त्या कामात गेल्या. वाद्यमेळाच्या रचना त्यांच्या, मेहनत त्यांची, पण पडद्यावर नाव क्वचितच. जो उत्तम वाजवतो त्याला दुसऱ्याचे गाणे वाजवून रोज पैसे मिळत असतील तर स्वतःच्या गाण्यापायी उपाशी कोण बसणार? यात त्या वादकांना दोष देता येणार नाही. त्यांच्या घरी चुली होत्या.

दुसरे कारण ऑर्केस्ट्रा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गणेशोत्सवाची रात्र ऑर्केस्ट्राशिवाय सुनी वाटे. हुबेहूब मुकेश, हुबेहूब किशोर, अॅकॉर्डियनचा तोच तुकडा, बाँगोचा तोच ठेका. आपण 'अगदी रेकॉर्डसारखे' ही सर्वांत मोठी शाबासकी ठरवून टाकली. आमच्या शाखेत एक रोखपाल होता. सोमवार ते शनिवार नोटा मोजायचा आणि शनिवार-रविवारच्या रात्री एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. त्याने स्वतः बांधलेल्या सहा चाली होत्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून, टेबलावर ठेका धरून त्याने त्या मला गाऊन दाखवल्या. त्यातली दोन गाणी तर अशी होती की काउंटरवरची मंडळी चमचा हातात धरून ऐकत राहिली. यातले एकही त्याने कधी मंचावर म्हटले नाही. विचारले तेव्हा म्हणाला, "साहेब, लोक ओळखीच्या गाण्यालाच वन्समोअर देतात." निवृत्तीनंतर दोन वर्षांत तो वारला. चाली कुठे लिहिलेल्या नव्हत्या, टेप केलेल्या नव्हत्या. आता त्या कुणालाच येत नाहीत.

मी कादंबऱ्या लिहितो. पहिली कादंबरी घेऊन प्रकाशकाकडे गेलो तेव्हा "आधी जरा खांडेकरांची एखादी लिहून दाखवा" असे मला कुणी म्हटले नाही. गाणाऱ्या मुलाला मात्र आपण वर्षानुवर्षे हेच सांगत आलो आहोत.

तिसरे कारण भाषेचे. पुण्यात कॅम्प आणि पेठा यांच्यामध्ये अंतर ते किती? पण गिटार वाढली ती कॅम्पच्या इंग्रजीत आणि पेठांची मराठी पेटीपाशी थांबली. मुंबईतही तेच. १९८४ मध्ये तिथे 'रॉक मशीन' हा संच उभा राहिला. सुरुवातीला परदेशी गाणी वाजवणाऱ्या या मुलांनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली, १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' असे आपल्या मातीचे नाव घेतले, वाद्यमेळात भारतीय रंगही आणले. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. नावे आपल्या ओळखीची, शब्द मात्र इंग्रजी. १९८६ पासून मुंबईच्या रंगभवनात स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागले आणि देशभरची मुले तिथे लोटू लागली. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले, शेजारी रुग्णालये आणि कॉलेज असल्याने रंगभवन गाण्यापुरते मिटले. भर शहरातली, गरीब विद्यार्थ्यालाही परवडणारी एक हक्काची जागा गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी दिली गेली नाही. मराठी वाचकाला याची हळहळ वाटली नाही, कारण तिथे चाललेले त्याच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते.

भाषा आणि मालकी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने कशा साधल्या हे पाहायचे तर गोव्यात जावे लागते. शिवोलीचा रेमो फर्नांडिस मुंबईच्या जे.जे.त वास्तुशास्त्र शिकला आणि गावी परतला. १९८४ मध्ये त्याने 'गोवन क्रेझी' ही कॅसेट घरच्या घरी, छोट्याशा चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. गाणी त्याची, वाद्ये बहुतेक त्यानेच वाजवलेली, आणि विक्रीही त्याचीच. पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन तो कॅसेटी ठेवून येई. नंतर मोठ्या कंपन्या आणि चित्रपट त्याच्या दारी आले, २००७ मध्ये 'पद्मश्री' मिळाली. गोव्याच्या रस्त्यांवर, राजकारणावर, आळसावर, मासळीवर त्याने गाणी केली, म्हणून गोवेकराने त्याला आपले मानले. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर उत्पादन, मालकी आणि वितरण एकाच स्कूटरवर होते.

हे सगळे सांगताना एक गोष्ट विसरली तर मोठा अन्याय होईल. मराठीत स्वतंत्र संगीत नव्हतेच असे म्हणणे खरे नाही. ते आपल्या दिवाणखान्यात नव्हते इतकेच. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' काढले. स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, हातात डफ, आणि समोर हजारो कामगार. वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडत आपली गाणी स्वतः लिहिली आणि गायली. भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढे सीडी चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या वाटेवर पथाऱ्या मांडून विकल्या जात, अजूनही या गीतांची नवनवी ध्वनिमुद्रणे निघत असतात. प्रल्हाद शिंदे यांच्या घराण्याचा आवाज महाराष्ट्राच्या रिक्षा-टेंपोंतून ज्या काळात घुमत होता, त्या काळात आपल्याकडे 'मराठी संगीत संकटात आहे' या विषयावर परिसंवाद चालू होते. लोकांनी लोकांसाठी केलेले, आपल्या दुःखाचे आणि अभिमानाचे, ठेकेदार आणि चांगले विकले जाणारे गाणे. रॉकची व्याख्या जगात कुठेही करा, ती याहून फार वेगळी निघणार नाही. आपण त्याला 'लोकसंगीत' अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवून दिले.

आणि पुण्याच्या मध्यमवर्गानेही एकदा स्वतंत्र संगीत डोक्यावर घेतले आहे, फक्त त्याला ते नाव दिले नाही. २००३ मध्ये संदीप खरे आणि डॉ. सलील कुलकर्णी यांनी 'आयुष्यावर बोलू काही' सुरू केले. एक कवी, एक संगीतकार, स्वतःच्या कविता, स्वतःच्या चाली. पाठीशी चित्रपट नाही, नाटक नाही. लोकांनी तिकिटे काढली, शेकडो प्रयोग झाले, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी त्यांना बोलावले. अनोळखी गाण्याला पुणेकर पैसे मोजत नाही, हा समज तिथेच खोटा ठरला. शब्द कळले आणि ते आपल्याविषयी असले, तर मोजतो.

म्हणजे श्रोता आहे, परंपरा आहे आणि मुलांच्या हातात वाद्येही आहेत. फिरोदिया करंडकाची आपल्या कॉलेजांतली तयारी पाहा. नाटक, चित्र, शिल्प, नृत्य यांच्या जोडीला तिथे जिवंत वाद्यमेळ लागतो, आणि अभियांत्रिकीची मुले महिना-महिना रात्री जागून नवे संगीत रचतात. तबला, कीबोर्ड, इलेक्ट्रिक गिटार, संबळ, जे हाताशी येईल ते. करंडक मिळो न मिळो, दुसऱ्या दिवशी ते संगीत संपते. पदवी मिळते, कंपनीत नोकरी लागते, गिटार माळ्यावर जाते. २०१० च्या डिसेंबरात याच शहरात 'एनएच सेव्हन वीकेंडर' या नावाने स्वतंत्र संगीताचा मोठा उत्सव सुरू झाला. पुढची अनेक वर्षे देशभरातले संच आणि परदेशी पाहुणे पुण्यात येऊन गात राहिले, आणि हिवाळ्यातल्या त्या दोन-तीन दिवसांसाठी बाहेरगावची मुले पुण्याची तिकिटे काढू लागली. पुण्याचा 'अग्नी' हा संच २००७ च्या आपल्या पहिल्या अल्बमपासून हिंदीत देशभर पोचला. मराठी मात्र या मंचांवर पाहुणीसारखी आली आणि पाहुणीसारखीच गेली.

चित्र पालटते आहे. 'अभंग रिपोस्ट' या संचाने तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग गिटार-ड्रम्सवर आणले. वारकरी घरातल्या काही आजी-आजोबांना ते प्रथम खटकले, मग अनेकांनी टाळ काढले, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. 'स्वदेशी' या मुंबईच्या रॅप मंडळींनी २०१९ मध्ये आरे जंगल आणि वारली पाडे यांच्यावर गाणे केले, प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन. २०२४ मध्ये 'तांबडी चामडी' हे क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचे मराठी नृत्यगीत जगभरच्या तरुणांच्या मोबाइलवर वाजले. शब्द मराठीच होते, कुणाचे अडले नाही. ध्वनिमुद्रणाला आता लाखाचा स्टुडिओ लागत नाही. एक बरा माइक, एक संगणक आणि उशा-गाद्या रचून केलेला कोपरा पुरतो.

आता थोडे व्यवहाराचे. कर्जाच्या टेबलावर बसून मी रिक्षा पाहिल्या, पिठाच्या गिरण्या पाहिल्या, पेणच्या गणपतींचे कारखाने पाहिले. एकदा एका ब्रास बँडचे मालक वाद्ये आणि गणवेश यांसाठी कर्ज मागायला आले. तुळशीच्या लग्नापासून पुढच्या मुहूर्तांची यादी त्यांनी वहीत लिहून आणली होती, सुपाऱ्या घेतल्याच्या पावत्यांसकट. कर्ज मंजूर झाले आणि मुदतीआधी फिटले. पण स्वतःची गाणी करणारा एकही मुलगा त्या तेहतीस वर्षांत माझ्या टेबलापर्यंत आला नाही. आपले काम हा धंदा आहे, त्यात मत्ता आहे, असे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

गाणे ही मत्ता आहे, आणि चांगली टिकाऊ आहे. आपल्या कायद्याने शब्द आणि चाल यांचा स्वामित्वहक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. आजोबांनी केलेल्या गाण्याचे मानधन नातवाला मिळू शकते. २०१२ मध्ये १९५७ च्या कायद्यात सुधारणा झाली, ती प्रत्येक पालकाने समजून घ्यावी. ध्वनिमुद्रणाचे हक्क कुणाला दिले, तरी गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला समान वाटा त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. तो फक्त वारसाकडे किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे जाऊ शकतो. हक्क देताना करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घर घेताना आपण करारनामा वकिलाला दाखवतो. मुलीचे पहिले गाणे कुणी कंपनी मागायला आली तर तो कागदही तितक्याच काळजीने वाचावा. ज्याला गिटारमधले काही कळत नाही अशा बापालाही हे काम नक्की करता येईल.

दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला आवाजाचा. तो खरा आहे. आमच्याही सोसायटीत आजारी माणसे आहेत, दहावीची मुले आहेत. रात्री दहाचा नियम सर्वांना सारखा असावा. सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चाले, त्यानेही वेळ आवरून घेतली आणि रसिक कमी झाले नाहीत. पण नियमाचा बडगा वर्षभर गिटारवाल्या चार पोरांवर आणि मिरवणुकीच्या भिंतींना माफी, हा न्याय मुलांना कळतो आणि तो ती विसरत नाहीत. माझ्या भाच्याच्या संचाला शहरातल्या एका सभागृहाने दुपारची वेळही नाकारली, कारण अर्जात 'बँड' हा शब्द होता. त्यांनी 'सुगम संगीत' असे लिहून दुसरीकडे अर्ज केला, तेव्हा जागा मिळाली. गाणी तीच, आवाज तोच.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या संचाची गोष्ट सांगतो. १९९० मध्ये तो सुरू झाला. त्यातले राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टरेट, नर्मदा आंदोलनात काम केलेले. नर्मदेच्या काठचे गाणे त्यांनी 'कंदिसा' या २००० सालच्या अल्बममध्ये आणले. दहा वर्षे लागली त्यांना लोकांपर्यंत पोचायला. आपण मुलाला स्पर्धा परीक्षेसाठी चार-पाच वर्षे बिनतक्रार देतो. गाण्यासाठी नोकरी सोड, असे मी कुणाला सांगणार नाही. माझ्या कादंबऱ्यासुद्धा बँकेच्या पगारावर झाल्या. पण नोकरी लागली म्हणून गिटार माळ्यावर टाक, हेही सांगणार नाही. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत फार काही होते.

त्याला लागते थोडी जागा आणि थोडा श्रोता. महापालिकेच्या नाट्यगृहांतली महिन्यातली एक संध्याकाळ नाटकाच्याच भाड्यात नव्या गाण्यांच्या संचांना मिळावी. शाळांच्या इमारती रविवारी रिकाम्या असतात. त्यातला एखादा मागच्या बाजूचा वर्ग सरावाला द्यावा, भाडे घ्यावे, दहाच्या आत दिवे मालवावेत. आणि तिकीट काढावे. फुकट पास मागण्याची आपली जुनी सवय नवख्या मुलांच्या बाबतीत तरी सोडावी. पन्नास मुलांच्या आईबापांनी दोन-दोनशे रुपये मोजले की ध्वनियंत्रणेचे भाडे सुटते, हा हिशेब मी करून पाहिला आहे.

बाकी काही जमले नाही तरी एवढे करता येईल. येत्या गणेशोत्सवात सोसायटीच्या कार्यक्रमपत्रिकेत फॅन्सी ड्रेस आणि पाककला स्पर्धा यांच्या मध्ये अर्धा तास राखून ठेवावा. अट एकच, गाणे सोसायटीतल्याच कुणीतरी रचलेले हवे. शब्द कच्चे असतील, चाल कुठूनतरी ओळखीची वाटेल, ड्रम्स जरा पुढे पळतील. पळू द्यात. आणि गाणे संपले की पुढच्या रांगेतून कुणीतरी एकाने, शक्यतो आजीने, मोठ्याने वन्समोअर म्हणावे.